डिकीची दोरी

वजनकाटे दुरुस्त करायचे म्हणून त्यांना सगळे काटेवालेच म्हणत. वाण्याची दुकानं, भंगाराची वखार, सोनाराची पेढी, पोस्टाची पार्सलखिडकी, दवाखान्यातला बाळांचं वजन करायचा काटा. जिथे म्हणून काही तोललं जाई तिथे त्यांची ये-जा असे. माणूस कमी बोलणारा. त्यांच्या पत्नी म्हणत, की हे अगदी आपल्या काट्यासारखेच आहेत. समोर काही ठेवलं की आधी डोलत राहतात, मग हळूहळू स्थिरावतात, आणि एकदा आकड्यावर येऊन थांबले की फुंकर मारली तरी हलायचे नाहीत.

पत्नींना सगळे बाई म्हणत. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता, आणि नकाशावर छडी ठेवून बोलायची सवय अजून हातात होती; भाजी कुठे ठेवायची हे सांगतानाही त्यांचं बोट दिशा दाखवी. पंचावन्नाव्या वर्षी त्यांच्या पायांतली ताकद ओसरू लागली. आधी जिना जड झाला, मग फाटकापर्यंतचा रस्ता. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि त्याला जोडून हेही सांगितलं, की हा हळूहळू पुढेच जातो, मागे फिरत नाही. मग घरात चाकांची खुर्ची आली. खुर्चीशिवाय, कशाला तरी धरून, बाई बारा पावलं चालू शकत. त्यांनी ती मोजलेली होती.

एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, घरात दोघंच. बाईंना दिवसभर एकटं सोडायचं काटेवाल्यांच्या जिवावर येई, म्हणून ते त्यांना कामावर सोबत नेऊ लागले. गाडी वीस वर्षांची, मागे लांबलचक डिकी असलेली. डिकीत हत्यारांची पेटी, प्रमाण वजनांचं लाकडी खोकं, आणि सगळ्यावर आडवी घातलेली खुर्ची. एखाद्या दुकानासमोर गाडी उभी केली की काटेवाले विचारत, उतरतेस का. बाई आधी दुकानाच्या पायऱ्यांकडे आणि मग नवऱ्याच्या कमरेकडे बघत आणि म्हणत, राहू दे, तुम्ही या जाऊन. मग अर्धा तास, तास, क्वचित दोन तास त्या काच खाली करून तशाच बसून असत. मांडीवर पुस्तक असे. परत आल्यावर काटेवाल्यांना त्या जिथल्या तिथे दिसत आणि त्यांना बरं वाटे.

त्या गाडीच्या डिकीचं झाकण आतल्या दोन पिळाच्या सळ्यांच्या जोरावर वर राहायचं. त्यातल्या एका सळीनं कधीच मान टाकली होती. काटेवाले झाकणाला झाडूचा दांडा टेकवून काम भागवत. जगाचे काटे बिनचूक करणाऱ्या माणसाची स्वतःची डिकी झाडूच्या दांड्यावर उभी, हे बाईंनी त्यांना दोन-चारदा ऐकवलंही होतं. एका दुपारी धान्यबाजारासमोर ते खुर्ची काढायला वाकले असताना तो दांडा निसटला आणि झाकण धाडकन पाठीत बसलं. खुर्चीसकट ते रस्त्यावर बसले. बाईंना बाजूच्या आरशात नवरा खाली जाताना दिसला, आणि मग आरशात नुसता रस्ता उरला. त्यांनी दार उघडलं, पाय बाहेर काढले, गाडीच्या टपाला धरून पाच पावलं टाकली. तोवर बाजारातल्या दोन हमालांनी काटेवाल्यांना उचलून कट्ट्यावर बसवलं होतं.

डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, यापुढे पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. पाच किलो म्हणजे साधारण किती, हेही ते समजावून सांगू लागले, तेव्हा इतक्या दुखण्यातही काटेवाल्यांना हसू आलं. खुर्चीचं वजन चौदा किलो दोनशे ग्रॅम होतं. ती घरी आली त्याच दिवशी त्यांनी तोलली होती.

मुलीनं फोनवर सांगितलं, की सरळ मागे मोठं दार असलेली गाडी घ्या. काटेवाले हो-हो म्हणाले आणि कामाला लागले ते वेगळ्याच दिशेनं. पुठ्ठे कापून त्यांनी डिकीचा नमुना केला. कल्पना अशी होती, की झाकण वर उघडायच्या ऐवजी ट्रकच्या फाळक्यासारखं खाली उघडायचं. झाकणाखालचा, दोन्ही दिव्यांच्या मधला पत्रा कापून झाकणालाच जोडून टाकायचा. म्हणजे झाकण उघडलं की थेट जमिनीपर्यंत उतार तयार, आणि खुर्ची ढकलत वर चढवायची. उचलण्याची भानगडच नाही.

पुठ्ठे घेऊन ते पलीकडच्या गल्लीतल्या डेंटरकडे गेले. हा डेंटर म्हणजे ठोकून पत्रे सरळ करण्यात वाघ, पण बोलण्यात त्यानं कधी काही सरळ केलं नव्हतं. त्यानं पुठ्ठा उलटासुलटा करून पाहिला.

"काका, मागचा पत्रा म्हणजे गाडीचा कणा. तुमचा एक मोडलाय तेवढा पुरे झाला."

मग दोघांनी बसून तोड काढली. पत्रा कापायचा, पण आत खाली जाड लोखंडी अँगल आडवा जोडून घ्यायचा, म्हणजे गाडीचा मागचा भाग डुगडुगणार नाही. वेल्डिंग डेंटरनं करायचं. मापं, बिजागऱ्या, खटका, घासकाम हे सगळं काटेवाल्यांचं. कमरेला पट्टा बांधून, स्टुलावर बसून, चार रविवार ते पत्र्याच्या कडा घासत होते. घरी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. बाई विचारत तेव्हा सर्व्हिसिंग चाललंय म्हणून सांगत.

पाचव्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी दारात आणली. बाईंना खुर्चीत बसवून बाहेर नेलं, खिशातून किल्ली काढली, खटका फिरवला. झाकण सावकाश खाली आलं आणि त्याची कड अलगद जमिनीला टेकली, आवाजसुद्धा झाला नाही. कडांना रबर, मधे खरखरीत पट्टी, सगळं नीटनेटकं. काटेवाल्यांनी आयुष्यात इतकं सफाईदार काम क्वचित केलं असेल. त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाईंनी बराच वेळ झाकण न्याहाळलं. मग विचारलं, "हे कुणासाठी केलंत?"

"तुझ्यासाठीच की."

"मग मला उघडून बघू द्या."

काटेवाल्यांनी झाकण बंद केलं आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. बाई खुर्चीतून उठल्या, गाडीला धरून मागे गेल्या. डावा हात गाडीवर, उजव्या हातानं किल्ली फिरवली. खटका सुटला आणि झाकण त्यांच्याच अंगावर उतरू लागलं. फाळका खाली येताना समोरच्यानं दोन पावलं मागे सरायचं असतं. काही न धरता मागे सरणं हीच एक गोष्ट बाईंना जमणारी नव्हती. काटेवाल्यांनी झेप घेऊन झाकण धरलं, कमरेतून कळ आली ती वेगळीच.

दोघं घरात आले. काटेवाले म्हणाले, की उघडायला मी असतोच ना, तुला कशाला उघडायचंय. त्यावर बाई आवाज न चढवता म्हणाल्या, "धान्यबाजारासमोर आपण गाडी लावतो तिथे एक भिंत आहे. खिडकीतून तिच्या एकशे सेहेचाळीस विटा दिसतात. अर्ध्या धरून. तुम्ही आत गेलात की मी त्या मोजते."

पुढचे आठ-दहा दिवस काटेवाले घरात धुमसत होते. एवढी मेहनत करून हात दाखवून अवलक्षण झालं, याचा राग होता. आणि राग नेमका कुणावर काढायचा ते कळत नव्हतं, म्हणून तो घरभर सांडत होता. चहा गोड झाला, वर्तमानपत्राची घडी नीट नाही, असलं काहीतरी. बाईंनी त्यातलं काही मनावर घेतलं नाही. शाळेत त्यांनी रुसलेली मुलं पुष्कळ पाहिली होती.

एकदा डेंटरच्या शेडमध्ये झाकणाची बिजागरी बघायला गेले असताना डेंटर कुठेतरी भाग आणायला निघून गेला. काटेवाले वाट बघत गाडीत जाऊन बसले, आणि का कोण जाणे, बाईंच्या जागेवर बसले. समोर पत्र्याची भिंत, तिच्यावर जुन्या रंगाचे ओघळ, एका खिळ्याला टांगलेला हातमोजा. पाच मिनिटांत त्यांचं सगळं बघून झालं. पुढची चाळीस मिनिटं ते हातमोज्याकडेच बघत बसले. उठून जाता येत होतं, तरी गेले नाहीत. त्या चाळीस मिनिटांत त्यांच्या मनात एक विचार आला आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही. बाहेर येताच बाई जिथल्या तिथे दिसतात तेव्हा आपल्याला जे बरं वाटतं, ते नेमकं कशाचं? दिवसभरात आपल्या हातून जे निसटतं, बिघडतं, चुकतं, त्यात ही एक गोष्ट ठेवलेल्या जागी सापडते, याचं तर नव्हे? वजनाच्या पेटीतलं वजन त्याच्याच खाचेत सापडावं तसं. हे त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही, बाईंनाही नाही.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर ते म्हणाले, "उद्या शेडमध्ये येतेस का? मापं घ्यायची आहेत."

"कसली?"

"तुझी."

दुसऱ्या दिवशी बाई शेडच्या मधोमध खुर्चीत बसल्या आणि तासाभरात सगळ्या कामाचा ताबा त्यांच्याकडे गेला. डेंटर आधी जरा बिचकूनच होता. आपण भूगोलात नापास झालो होतो, हे त्यानं स्वतःहून कबूल करून टाकलं.

"दिसतंच आहे," बाई म्हणाल्या. "झाकणाची दिशा चुकली ती उगीच नाही."

काटेवाल्यांनी बाईंना गाडीच्या कडेला उभं केलं आणि त्यांचा हात खांद्यापासून कुठवर जातो, कमरेखाली किती जातो, हे पत्र्यावर खडूनं आखून घेतलं. मग पेटीतून स्प्रिंगचा तानकाटा काढला, त्याचं एक टोक दाराच्या मुठीला अडकवलं आणि दुसरं बाईंच्या हातात दिलं. म्हणाले, एका हातानं गाडी धर आणि दुसऱ्या हातानं ओढ, दम न लागता जेवढं जमेल तेवढंच. बाईंनी ओढलं. काटा दोन किलोवर थांबला. काटेवाल्यांनी तीनदा ओढायला लावलं, सरासरी काढली, आणि भिंतीवर लिहून ठेवलं: दीड किलो, याच्या वर नाही. आयुष्यभर त्यांनी वस्तूंचं वजन केलं होतं. माणसाचा जोर मोजायची ही पहिलीच वेळ. या हातानं पूर्वी भरली बादली सहज उचलली होती.

झाकण आता पुन्हा वर उघडणारं करायचं ठरलं. कापून जोडलेला खालचा पत्रा तसाच ठेवला, म्हणजे तोंड मोठंच राहिलं. भंगारातून एका व्हॅनच्या मागच्या दाराचे दोन गॅसचे दांडे आणले. ते निघाले फारच जोरकस. पहिल्यांदा खटका सोडला तेव्हा झाकण इतक्या वेगानं वर गेलं, की काटेवाल्यांचा चष्मा शेडच्या दुसऱ्या टोकाला सापडला. डेंटरनं काच पुसून दिली आणि सांगितलं, की काका, डिकी उघडायची आहे, उडवायची नाही. पण इथे काटेवाले आपल्या घरच्या मैदानावर होते. जास्त झालेला जोर कसा खायचा हे त्यांना डेंटरनं शिकवायची गरज नव्हती. झाकणाच्या आतल्या कडेला ते शिशाचे तुकडे एकेक करून चिकटवत गेले. शंभर ग्रॅम, पन्नास, पुन्हा पन्नास, एक वीस काढला. शेवटी झाकण असं तोललं गेलं, की खटका सुटला की ते दमानं वर जाई आणि बोटानं दाबलं तर तितक्याच दमानं खाली येई.

खटक्याला सायकलच्या ब्रेकची केबल जोडली आणि केबलला एक जाड निळी दोरी, टोकाला गाठ. दोरी गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी, बाईंच्या खडूच्या खुणेवर. टपाच्या कडेनं जुन्या बसमधला पोकळ दांडा बसवला, धरून चालायला. डिकीत कपाटाच्या ड्रॉवरसारखी सरकून बाहेर येणारी फळी, पुढे कललेली, म्हणजे घडी घातलेली खुर्ची आपल्या चाकांवर खाली उतरे. परत चढवायला पट्टा आणि दोन कप्प्या. हत्यारं आणि वजनं गेली मागच्या सीटवर. यात निम्मं डोकं बाईंचं होतं. फळीच्या टोकाला अडसर हवा, नाहीतर खुर्ची उतारावरून पळत सुटेल आणि मी तिच्या मागे जाऊ शकणार नाही, हे त्यांनीच सांगितलं.

काम संपल्यावर पंधरा दिवस काहीच घडलं नाही. बाईंनी दारातल्या दारात सराव केला, पण बाजारात गेल्यावर पूर्वीसारख्याच बसून राहिल्या. काटेवाल्यांनी विचारलं नाही.

मग एका मंगळवारी ते पार्सलखिडकीवरचा काटा नीट करून बाहेर आले, तर गाडीची डिकी सताड उघडी, फळी बाहेर आलेली, आणि आत खुर्ची नाही. पुढच्या जागेवर मिटलेलं पुस्तक. रस्त्यावर वाहनं वाहत होती. काय काय झालं असेल ते सगळं एका क्षणात त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पोस्टातला शिपाई बाहेर विडी ओढत उभा होता, त्यानं नुसता हात करून दाखवलं: बाई तिकडे गेल्या.

तिकडे चार दुकानं सोडून केस कापायचं दुकान होतं. काचेतून बाई दिसल्या. गळ्याभोवती पांढरं कापड, केस कानाच्या वरपर्यंत आलेले, आणि कापणारी बाई त्यांचं काहीतरी ऐकून हसत होती. काटेवाले दार ढकलून आत गेले. बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"बसा जरा. मागची बाजू राहिली आहे अजून."

काटेवाले बाकावर बसले. राग आला होता, आणि जमिनीवर पडलेल्या पांढऱ्या-काळ्या केसांकडे बघता बघता तो कधी ओसरला ते त्यांना कळलं नाही. खुर्ची घरात आल्यापासून बाईंचे केस घरीच कापले जात होते, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं, काटेवाल्यांच्याच हातानं, आणि ते वेडेवाकडे होतात हे त्यांना आत्ता, नीट कापलेले पाहिल्यावर समजलं.

बाईंनी निघताना विचारलं, डिकी बंद केलीत का. ती तशीच उघडी राहिली होती.

त्यानंतर बाई हिंडू लागल्या. वाचनालयात जात. नदीच्या पुलावर मधोमध खुर्ची लावून पाणी कुठल्या बाजूला गाळ टाकतंय ते बघत. एकदा एका शाळेच्या फाटकाशी थांबल्या, तर ओळखीच्या शिक्षिकेनं त्यांना आत नेऊन थेट वर्गात बसवलं, आणि काटेवाल्यांना सव्वा तास फाटकाबाहेर थांबावं लागलं. कुठे जातेस ते सांगून जात जा, एवढंच ते म्हणाले. बाईंनी पुढच्या वेळेपासून चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. चिठ्ठीवर छोटासा नकाशा काढलेला असे, उत्तर दिशेच्या बाणासकट.

आजार मात्र आपल्या गतीनं पुढे चालला होता. पुढच्या वर्षी बारा पावलांची नऊ झाली. नऊ पावलांत गाडीचा मागचा कोपरा गाठून खुर्ची काढेपर्यंत बाईंना घाम फुटू लागला. काटेवाल्यांनी एका रविवारी निमूटपणे केबल लांबवली आणि दोरी पुढे, मागच्या दाराशी आणली. तानकाट्यावर बाईंचा जोर पुन्हा मोजला. एक किलो आला, म्हणून झाकणाचं शिसं काढून पुन्हा लावलं. मग पाच पावलं उरली, तेव्हा दोरी आणखी हातभर पुढे आली. आता झाकण बाई उघडत, पण खुर्ची काढून द्यायला कुणीतरी लागे. रस्त्यावरचं कुणीही काढून देई. उचलायचं काही नव्हतंच, नुसतं फळीवरून ओढून घ्यायचं. बाई त्या माणसाला फळीचा अडसर कसा काढायचा ते बोट दाखवून सांगत.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पावलं मोजण्यासारखी राहिली नाहीत. त्या रविवारी काटेवाले हत्यारं घेऊन गाडीपाशी गेले खरे, पण बराच वेळ नुसतेच उभे राहिले. डेंटर तिकडून जात होता. काय करताय काका, म्हणून त्यानं विचारलं. काटेवाले म्हणाले, दोरी आत घ्यायची आहे. डेंटर एरवी काहीतरी तिरकं बोलला असता. त्यानं बाही वर सारली आणि टपावरच्या पोकळ दांड्यातून केबल ओवायला दुसरं टोक धरलं.

निळ्या दोरीची गाठ आता बाईंच्या खिडकीपाशी, खांद्याजवळ लोंबते. गाडी थांबली की बाई दोन बोटांनी ती ओढतात, मागे खटका सुटतो आणि झाकण दमानं वर जातं. काटेवाले मागे जाऊन खुर्ची उतरवतात, पुढे आणतात, बाईंना न उचलता सीटवरून तिच्यात सरकवून घेतात आणि विचारतात, कुठे. मग बाई सांगतील तिथे त्यांना सोडून ते आपल्या कामाला जातात. कधी कधी गाडी नीट लागायच्या आधीच बाई दोरी ओढून मोकळ्या होतात. मग उघडलेल्या झाकणामुळे काटेवाल्यांना मागचं काही दिसत नाही, गाडी मागे घेता येत नाही, आणि मागून भोंगे वाजू लागतात. ते म्हणतात, अगं, जरा दम धर. बाई म्हणतात, तुम्ही लावा सावकाश, माझं काम झालंय.